कुठल्या हॉटेलचं पार्सल

आमच्या घरात 'पार्सल' हा शब्द मी आणला. वैनीच्या लेखी पार्सल म्हणजे एसटी स्टँडवर गोणपाटात शिवून, वर शाईनं पत्ता घालून ठेवलेलं गाठोडं. खाण्याच्या जिनसाला कुणी पार्सल म्हणेल हे तिला पटायचंच नाही. ती म्हणायची, "बांधून आणलं म्हणा की सरळ. पार्सल काय, मुंबईला धाडायचंय व्हय?"

पण 'बांधून आणलं' यात केवढी लाज होती, ते आज सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. आमच्या शिवाजी पेठेत सत्तर सालाच्या आगंमागं कुणी हॉटेलातून डबा भरून आणताना दिसला, की दारातली बाई विचारायचीच, "काय वं, आज चूल न्हाय पेटली?" घरात बाई आजारी आहे, भांडून माहेरी गेलीय, नाहीतर मुळात बाईच नाही, असं काहीतरी असल्याशिवाय कोण बांधून आणतंय? म्हणून बांधून आणणारा माणूस डब्यावर टॉवेल टाकून, भिंतीकडेनं चालायचा. मग हॉटेलवाल्यांनी पाट्या लावल्या, 'पार्सल मिळेल'. गल्ल्यावरून आत ओरडून सांगायला लागले, "दोन पार्सल!" आणि एवढ्या एका शब्दानं सगळं धुऊन निघालं. डबा तोच, किटली तीच, न्यायची घरूनच. पण बांधून नेणारा बिचारा आणि पार्सल नेणारा साहेब, असा फरक पडला. आम्ही कोल्हापूरकर तर जरा विचित्र माणूस दिसला तरी "काय पार्सल हाय!" म्हणायला लागलो. मला तो शब्द फार आवडायचा. त्याला इस्त्री केल्यासारखी वाटायची.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शिरोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, चड्डीला बटण नसायचं, तरी पहिल्या दिवसापासून ती मला 'भावजी' आणि 'अहो-जाहो' करायची. मी तिला अगंतुगं. आईवडील आधीच गेलेले. मी आठवीत असताना भाऊही गेला. वैनीचे भाऊ तिला न्यायला आले, तर तिनं दारातूनच सांगितलं, "भावजींची शाळा हाय." एवढंच. मूलबाळ नव्हतं, माहेरी मळा होता, दूधदुभतं होतं. ती गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती राहिली आणि स्टँडजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. पुढं तिथला रस्साही तीच करायची. माझी शाळा आणि कॉलेज तिच्या त्या चुलीवर झालं.

मी बी.कॉम. झालो, एका सरकारी कचेरीत चिकटलो आणि पहिल्या महिन्यातच तिला सांगितलं, "वैनी, आता खानावळ बंद. तू आराम कर." पेठेत माझं कौतुक झालं. दीर असावा तर असा, म्हणाले लोक. खरी गोष्ट अशी, की आमच्या कचेरीतले तिघेचौघे त्याच खानावळीत जेवायला जात, आणि एखाद्या दिवशी परातीमागून तिनं मला "भावजी" म्हणून हाक मारली तर काय, या धास्तीनं माझी झोप उडाली होती. तिच्या आरामाचा विचार माझ्या डोक्यात दुसरा आला. पहिला हा आला. कचेरीत मी सांगून ठेवलं होतं, की वहिनी असतात, त्या गावाकडची शेती बघतात, अधूनमधून इथं येतात.

दोन-तीन वर्षांनी आमच्याकडं पुण्याचे एक साहेब बदलून आले. माणूस सज्जन, खाण्याचा शौकीन. एकदा फाईलवर सही करता करता मला म्हणाले, "काय हो, खरा तांबडा-पांढरा कुठं मिळतो? मिसेसना त्या हॉटेलात जाऊन बसायला आवडत नाही."

मी म्हणालो, "पार्सल आणतो की साहेब. आमच्या पेठेत एक खास ठिकाण आहे."

जीभ घसरली असं म्हणायची सोय नाही. मी तेवढ्यात सगळा विचार केला होता. 'आमच्या वहिनी करतात' म्हणालो असतो तर साहेब म्हणाले असते, मग घरीच येतो. मग आमची मागच्या चौकातली दीड खोली, चुलीचा धूर, वैनीचं ते नऊवारी लुगडं, तिची ती बोली. आमच्याकडं बायकासुद्धा "मी येतो, मी करतो" म्हणतात. पुण्याच्या बाईंनी तोंडाला पदर लावला असता. आणि गोष्ट कचेरीभर झाली असती, की ह्याची वहिनी म्हणजे ती खानावळीतली. पार्सल म्हटलं, की पुढचं कुणी विचारत नाही. खाणं येतं, त्याच्यामागचा हात येत नाही.

वैनीला मात्र मी घरी येऊन वेगळंच सांगितलं. "वैनी, साहेबांनी तुझ्या हातचं खायला मागितलंय."

ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मला वळखत्यात व्हय ते?"

"मी सांगितलंय की सगळं."

तिला एवढा आनंद झालेला मी माझ्या निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता. खानावळीत सात-आठ वर्षं तिच्या हातचं गावानं खाल्लं, पण आत कोण करतंय हे कुणी कधी विचारलं नाही. आता एक साहेब तिचं नाव घेऊन जेवण मागत होता, असं तिला वाटलं.

आता तिच्या स्वयंपाकाची एक गोष्ट सांगायला हवी. भाऊ गेल्यापासून तिनं मटण सोडलं होतं. आमच्यात तशी सक्ती नाही, पण तिनं आपल्या मनानं सोडलं. त्यामुळं रस्सा ती करायची, पण चाखायची नाही. मसाला वासावर, तिखट रंगावर, मटण शिजलं की नाही ते पळीवर. मीठ मात्र वासाला कळत नाही. म्हणून मीठ घातलं की मला हाक यायची, "भावजी, चाखून बघा की जरा." मी तळहात पुढं करायचो, ती पळीनं चार थेंब टाकायची, मी फुंकर मारून चाटायचो आणि निकाल द्यायचो. खानावळीत हे काम वाढप्या करायचा. घरी माझं. मी चाखल्याशिवाय आमच्याकडं मटणाचं भांडं कधी चुलीवरून उतरलं नाही.

मग महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी साहेबांचा निरोप यायचा. वैनी भल्या पहाटे उठायची. नारळ खवायची, तीळ-खसखस पाट्यावर वाटायची. पांढरा रस्सा किटलीत, तांबडा दुसऱ्या किटलीत, सुकं डब्यात आणि भाकऱ्या जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या धडप्यात. सायकलच्या दोन्ही मुठींना किटल्या अडकवून मी ताराबाई पार्कातल्या साहेबांच्या बंगल्यावर जायचो. साहेब बोटं चाटून विचारायचे, "कुठल्या हॉटेलचं हो हे?" मी म्हणायचो, "त्याला पाटी नाही साहेब. ओळखीनं देतात." त्यानं तर त्यांची भूक आणखीच वाढायची.

परत आलो की वैनी चुलीपुढं बसलेली असायची. "काय म्हणालं सायेब?"

"म्हणाले, वहिनींना नमस्कार सांगा."

पुढच्या खेपेला, "म्हणाले, असा हात पुण्यात नाही." त्याच्या पुढच्या खेपेला, "बाईसाहेब म्हणाल्या, एकदा वहिनींना घेऊन या." एकेक वाक्य मी वाटेत सायकलवर बसून जुळवत यायचो. वाईट म्हणजे, मला ते पुण्यकर्म केल्यासारखं वाटायचं. तिला आनंद होतोय, साहेब खूश आहेत, माझं काय गेलं?

एका रविवारी साहेबांकडं पुण्याहून पाहुणे यायचे होते. मी सकाळी तालमीकडं गेलो आणि तिथं आमच्या तालमीच्या फुटबॉल मॅचवरून वाद रंगला. घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. वैनीनं सगळं भरून ठेवलं होतं. म्हणाली, "भावजी, तेवढं चाखून..." मी म्हणालो, "आता कुठलं चाखायचं, तिकडं माणसं ताटावर बसली असतील," आणि किटल्या उचलून निघालोसुद्धा.

तिकडं पाहुणेच तासभर उशिरा आले, मग ताटं मांडली. बाईसाहेब वाढायला घेणार, एवढ्यात फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं. वैनी होती. भर उन्हात पेठेपासून पत्ता विचारत चालत आलेली, डोईवर पदर, हातात लहानसा डबा. आणि अंगावर तिचं ठेवणीतलं लुगडं. एवढ्या घाईतही तिनं लुगडं बदललं होतं. ज्या घरातून तिला नमस्कार येत होते, त्या घरी ती पहिल्यांदा चालली होती.

नंतर मला कळलं ते असं. मी गेल्यावर शेजारीण वाटी घेऊन रस्सा मागायला आली, तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "वैनी, पांढऱ्यात मीठच न्हाय की." मी यायची वाट बघता बघता मीठ घालायचं तिच्या हातून राहून गेलं होतं. वरून मीठ टाकलं तर खाली बसतं, म्हणून तिनं ते मटणाच्या गरम पाण्यात विरघळवलं, डब्यात घातलं आणि निघाली.

बाईसाहेबांनी दार उघडलं. वैनी हसली. ओळखीचं हसली. बाईसाहेबांनी वळून मला विचारलं, "कोण हो या?"

साहेब, दोन पाहुणे, बाईसाहेब, सगळे माझ्याकडं बघत होते. वैनीही बघत होती. ती वाट बघत होती, की मी आता सांगेन.

मी म्हणालो, "हॉटेलातल्या आहेत. पार्सलमध्ये काहीतरी राहिलं असेल."

वैनीचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, नुसतं त्याच्यातलं काहीतरी निघून गेलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी किटलीच्या झाकणाशी चाळा करायला लागलो. मग ती बाईसाहेबांना म्हणाली, "व्हय बाईसायेब. खानावळीतनं आलोय मी. पार्सलात मीठ ऱ्हायलं, त्ये द्यायला."

खाण्याच्या जिनसाला तिनं पार्सल म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साहेब तर थक्कच झाले. "वा! एवढ्याशा मिठासाठी उन्हातनं चालत आलात? तुम्हीच करता का हा रस्सा?"

"न्हाय जी. करनारी येगळी हाय. मी आपली भाकऱ्या थापतो."

पायरीवरच तिला पाणी दिलं. तिनं तांब्या वर धरून पाणी प्यालं, तांब्या पालथा घालून ठेवला आणि गेली. जाताना मला म्हणाली, "येतो, सायेब." मला. मी आत गेलो आणि पाहुण्यांना वाढायला मदत केली. रस्सा फार छान झाला होता असं सगळे म्हणाले. मी एक घाससुद्धा खाल्ला नाही, पण त्याचं मला कौतुक नको. उठून तिच्यामागं धावलो असतो तर काही अर्थ होता.

संध्याकाळी घरी आलो. ती ठेवणीतलं लुगडं घडी घालून ठेवत होती. मी चुलीजवळ बसलो. तिनं ताट घेतलं आणि विचारलं, "हितंच वाढू का बांधून दिऊ?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. खानावळीत सात-आठ वर्षं ज्या आवाजात तिनं लोकांना विचारलं असेल, त्याच आवाजात तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "वैनी, तिथं पाहुणे होते, म्हणून..." ती म्हणाली, "मीठ लागलं का बराबर?" मी हो म्हणालो. तो विषय आमच्यात परत कधी निघाला नाही.

साहेबांचे निरोप चालूच राहिले. मी तिला सांगणार नव्हतो, पण एका रविवारी चपराशी घरीच येऊन सांगून गेला. तिनं विचारलं, "किती मानसांचं?" आणि करून दिलं. पहिल्यासारखंच. फक्त आता भाकऱ्या धडप्याऐवजी वर्तमानपत्रात बांधायची, वर दोरा, हॉटेलात बांधतात तसा. मीठ घातलं की पळी माझ्यापुढं धरायची, पण हाक मारायची नाही. आणि 'साहेब काय म्हणाले' हेही विचारायची नाही. मीही जुळवलेली वाक्यं आणायचं बंद केलं. कुणाला द्यायची होती ती?

दीड-दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. निरोपसमारंभात मला बोलायला उभं केलं तेव्हा मी फार भारावून बोललो. लहानपणी पोरका झालो, वहिनीनं आईसारखं वाढवलं, तिच्यामुळं आज इथं उभा आहे, वगैरे. ते सगळं खरं होतं. बाईसाहेबांनी तर डोळे पुसले. माझेही भरून आले होते, आणि तेही खरं होतं. एवढं खरं बोलूनही मी त्यांच्याशी खोटंच वागलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला. मग बाईसाहेबांचा आवाज, कुणाला तरी आमचं घर विचारणारा. मी साबण लागलेल्या तोंडानं उठलो आणि आतल्या दाराआड जाऊन उभा राहिलो. वैनी बाहेर भांडी घासत होती.

"अगं बाई, तुम्ही इथं?" बाईसाहेब म्हणाल्या. "त्या खानावळीतल्या ना तुम्ही? मीठ घेऊन आला होता?"

मला वाटलं, झालं. आता ती सांगेल. खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडं हायसंही वाटलं. माझ्याच्यानं जे होत नव्हतं, ते ती करून टाकेल, असं.

वैनी म्हणाली, "व्हय बाईसायेब. सकाळच्याला हितं भांड्याला येतो."

"आणि यांच्या वहिनी? त्यांनाच भेटायला आले होते मुद्दाम. आम्ही उद्या निघतो."

"त्या गावाकडं गेल्यात. शिरोळला."

"आणि हे?"

"त्ये बी भायेर गेल्यात, बाजाराकडं."

मग कागद वाजला. "मग असं करा, ही साडी त्यांच्या वहिनींना द्या. फार सांगत होते हो परवा त्यांच्याबद्दल. आईसारखं वाढवलं म्हणाले, त्यांच्यामुळं शिकलो म्हणाले. सगळ्यांसमोर सांगितलं. अशी माणसं कुठं असतात आता. विसरू नका हं, त्यांच्याच हातात द्या."

राखेचे हात धुतल्याचा आवाज आला, मग लुगड्याला पुसल्याचा.

"असं म्हणालं व्हय त्ये?" तिनं विचारलं.

"हो, अगदी भरून आलं होतं त्यांना."

"बरं झालं सांगितलासा," वैनी म्हणाली. "द्येतो की. त्यांच्याच हातात द्येतो."

जीप सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली, आवाज गेला. दाराच्या फटीतून मला ती दिसत होती. हातातली साडी तिनं उघडली नाही, कोनाड्यात ठेवली. परत बसली, राख घेतली आणि राहिलेली कढई घासायला लागली. माझ्या गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता. मी श्वास धरून उभा होतो, जसं काही मी खरोखरच बाजाराला गेलो आहे.

कढई घासून झाली, तिनं ती विसळून पालथी घातली, आणि मान वर न करता म्हणाली,

"या आता भायेर, भावजी. गेल्या त्या."